एकदा कबूल म्हटल्यावर

मनोहर, तू गेलास त्याला आठवडाही झाला नव्हता आणि कोर्टात तुझी तारीख होती. वकीलसाहेब म्हणाले, कोणीतरी जाऊन सांगायला हवं, नाहीतर वॉरंट निघेल. मेलेल्या माणसाचं वॉरंटानं काही बिघडत नाही. पण ते घेऊन येणारा शिपाई जिवंत माणसांच्या दारात उभा राहतो. म्हणून गेलो. पट्टेवाल्यानं दारातून तुझं नाव पुकारलं, वडिलांच्या नावासकट. पुन्हा पुकारलं. मी आत जाऊन सांगितलं, आरोपी वारला. न्यायाधीश तरुण होते, नवे होते. त्यांनी मान वर केली, थोडं वाईट वाटल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाले की पोलिसांचा अहवाल आल्याशिवाय तसं धरता येत नाही. मग पुढची तारीख दिली.

बाहेर कडुनिंबाखाली आलो तेव्हा मला हसू आलं. तू असतास तर म्हणाला असतास, ‘पाह्य बे, मेल्यावरबी मी जामिनावरच आहो.’

थकलो रे मी. तू नसताना तुझ्या तारखेला जाणं हे तू असताना जाण्यापेक्षा अवघड निघालं. तू असलास की निदान वाद असायचा.

तो वाद आपण पूर्ण केला नाही. शेवटच्या महिन्यांत तू माझ्याशी फारसा बोलत नव्हतास, आणि मीही मोठ्या मनाचा आव आणून गप्प होतो. नालवाडीत आपल्या दोघांच्या घरांमध्ये एक हापशी आणि एक पडीक प्लॉट. एवढं अंतर ओलांडायला मला तुझ्या काविळीची बातमी लागावी, याचं मला आश्चर्य वाटतं. तू अंथरुणावर होतास, डोळे हळदीसारखे. मला पाहून म्हणालास, ‘बस. रंग चांगला आला ना? असा पिवळा मले कधी साधला नाई.’ खटल्याचं तू काढलं नाहीस, मीही काढलं नाही. आपण उसाच्या रसाबद्दल बोललो.

आता मी बोलतो. तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, हा फायदा मी घेणार आहे.

सुरुवात कुठून झाली ते मला नीट आठवतं, कारण त्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांचं तैलचित्र तू करत होतास. तू चित्रकला शिकवायचास त्या सिंदीच्या आपल्या शाळेच्या सभागृहात ते शिक्षकदिनी लागायचं होतं. अनावरण अध्यक्षांच्याच हस्ते. स्वतःच्या चित्रावरचा पडदा स्वतः ओढणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. तू ते चित्र मन लावून करत होतास. मी म्हटलं, ‘एवढी मेहनत काऊन घेतो? त्यांना फक्त कोटाची बटणं मोजायची आहेत.’ तू म्हणालास, ‘माणूस कसाबी असू दे, कान तं कानासारखाच काढा लागते.’ अध्यक्षांची भाषणं चालू असताना तू माझ्या वहीच्या समासात त्यांचे ते कान काढायचास आणि मी खोकल्याचं सोंग करून बाहेर पळायचो. त्या शाळेतली माझी अर्धी वर्षं केवळ त्या समासांमुळे सुसह्य झाली. हे मी तुला कधी सांगितलं नाही. घे, आता सांगितलं.

आणि चित्र अर्धवट असतानाच पोळा आला. पोळ्याच्या दिवशी तू नेहमीसारखा सिंदीतच राहिलास. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आणि सिंदीचा तान्हा पोळा म्हणजे पोराबाळांच्या लाकडी बैलांची मिरवणूक. तिथल्या व्यापाऱ्यांच्या घरचे बैल खऱ्या गोऱ्ह्याएवढे, पिढीजात. दरवर्षी ते तुझ्याकडून रंगवून घेत, शेवटचा हात चपड्याच्या पॉलिशचा. चपडा, म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि फडक्यानं अंगभर फिरवायचा. तू ते एका घराच्या मागच्या गल्लीत, उजेडात बसून करत होतास. त्याच गल्लीत चार घरं सोडून पोळ्याची दारू चालू होती.

जिल्ह्यात दारूबंदी होती. म्हणजे दारू होती आणि बंदीही होती, दोघी सवतींसारख्या एकाच घरात नांदत. सणाला धाड पडायची हेही ठरलेलं. धाड पडली की गल्लीत जो उभा असेल तो गाडीत. त्या दिवशी गल्लीत तू होतास, अंगाला कोपरापर्यंत स्पिरिटचा वास. दादाराव शिपायानं तुला हुंगलं आणि म्हणाला, ‘मास्तर, तुमीबी?’

दवाखान्यात डॉक्टरांनी दुरूनच वास घेतला आणि तसं लिहून दिलं. रात्र ठाण्यात गेली. सकाळी सगळ्यांना वर्ध्याला कोर्टात आणलं.

आता बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल, आपल्याकडच्याला नाही. आपल्या जिल्ह्यात त्या काळी दारूच्या केसमध्ये ‘कबूल’ हा शब्द एसटीच्या तिकिटासारखा होता. कबूल म्हणायचं, दंड भरायचा, दुपारच्या गाडीनं घरी. प्यायलेला कबूल म्हणायचा, न प्यायलेलाही कबूल म्हणायचा. जो नाकबूल म्हणायचा त्याला तारखा पडायच्या, वकील लागायचा, मजुरी बुडायची. म्हणजे गुन्हेगार असणं स्वस्त होतं आणि निरपराध असणं परवडत नव्हतं. शहाणी माणसं, बायकांसमोर मान वर न करणारी, चहाचा थेंबही उपासाला न घेणारी, सगळी कबूल म्हणून घरी यायची आणि संध्याकाळी त्यावर विनोद करायची. हे पाप आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. जकातनाक्यावर थांबल्यासारखं होतं ते.

तुलाही सगळ्यांनी तेच सांगितलं. ‘मास्तर, कबूल म्हना आन मोकळे व्हा.’ तुझ्या डोक्यात अध्यक्षांचे कान राहिले होते. अनावरण तोंडावर आलेलं. तू कबूल म्हणालास, दंड भरलास, दुपारच्या पॅसेंजरनं सिंदीला परत गेलास आणि चित्र पुरं केलंस. पडदा उघडला तेव्हा टाळ्या झाल्या. अध्यक्ष स्वतःकडे बराच वेळ पाहत राहिले.

त्याच अध्यक्षांनी तुला काढलं. कायम करण्याची वेळ आली तेव्हा पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला मागवला, त्यात शिक्षा नोंदलेली आली. बैठकीत अध्यक्ष बोलले, ‘या पुण्यभूमीत मद्यपी शिक्षक?’ ते तुझ्या चित्राखालीच बसले होते. मी तिथे होतो, शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून. मी म्हटलं, हा माणूस पीत नाही हे तुम्हाला माहीत आहे. ते म्हणाले, ‘मला माहीत असून काय उपयोग? त्यांनी स्वतः कबूल केलंय.’ वाईट गोष्ट ही की हे बोलणं मूर्खपणाचं नव्हतं.

मग आपण वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, ‘गुन्हा कबूल करणाऱ्याला अपील नाही. फार तर शिक्षा जास्त झाली, एवढंच म्हणता येतं. दंड जास्त झाला असं म्हणायचं आहे का?’

तू म्हणालास, ‘दंड बराबर आहे साहेब. गुन्हा चुकला.’

वकीलसाहेब हसले आणि तिथेच त्यांनी तुझी केस घेतली. हे मला नंतर कळलं की ते हसल्याशिवाय केस घेत नसत. त्यांनी समजावलं: अपील नसलं तरी सेशन कोर्टाला खालच्या कोर्टाचं काम तपासायची विनंती करता येते. आरोपीला आरोप समजावून सांगावा लागतो, आणि तो काय म्हणाला ते जवळपास त्याच्याच शब्दांत लिहावं लागतं. तसं झालं नसेल तर कबुली टिकत नाही. ‘तुमच्याबाबतीत तसं झालं नाही हे दाखवायचं कसं? कागदावर तर लिहिलंय, मला आरोप समजला, मी गुन्हा स्वखुशीने कबूल करतो.’

तू खुर्ची पुढे ओढलीस. मग म्हणालास, ‘आमच्यासोबत सुकराम होता. तो काय म्हनाला म्हनून लिवलं?’

सुकराम हा सिंदीच्या बाजारात पोती उचलणारा हमाल. जन्मापासून मुका आणि बहिरा.

वकीलसाहेबांनी नक्कल काढली. सुकरामनंही म्हटलं होतं, मला आरोप समजला, मी गुन्हा स्वखुशीने कबूल करतो. शब्दाला शब्द. सेशन कोर्टात हे वाचलं गेलं तेव्हा सरकारी वकिलांनी खाली पाहिलं. न्यायाधीशांनी विचारलं, ‘हे यांनी कसं सांगितलं?’ कोणी उत्तर दिलं नाही. माझ्या आयुष्यात मी बरीच भाषणं ऐकली, पण एवढी परिणामकारक शांतता तिथेच ऐकली.

तुझी कबुली रद्द झाली. शिक्षा रद्द झाली. दंड परत द्या म्हणाले. पायऱ्या उतरताना वकीलसाहेबांनी तुझा हात दाबला. ‘जिंकलो!’

‘म्हणजे मी निर्दोष?’

‘नाही. आता तुम्ही पुन्हा आरोपी. खटला पहिल्यापासून चालेल.’

तू पायरीवर बसलास. मला वाटलं रडशील. तू म्हणालास, ‘म्हणजे आतालोक मी गुन्हेगार होतो, आता आरोपी झालो. बढती भेटली म्हना.’ त्या दिवशी आपण स्टेशनवर भजी खाल्ली आणि तू पैसे देऊ दिले नाहीस.

पुढचं सगळं पाणी घातलेल्या वरणासारखं. पंचांपैकी एक वारला. दुसऱ्याला काही आठवेना. तो इतक्या धाडींत पंच होता की त्याच्या डोक्यात सगळ्या गल्ल्या एक झाल्या होत्या. डॉक्टर बदलून गेले, समन्स त्यांच्या मागे गावोगाव हिंडलं. दादारावाची बदली झाली, तो परत आला, हवालदार झाला, आणि प्रत्येक तारखेला नेमका बंदोबस्तावर असायचा. संस्थेनं सांगितलं, निकाल लागू द्या, मग पाहू. तू पाट्या रंगवायला लागलास. वर्ध्याच्या बाजारातल्या कितीतरी दुकानांवर आज तुझं अक्षर आहे. ते रस्ते टाळायला मी नवा मार्ग शोधतो आणि सापडत नाही, कारण तू सगळीकडे आहेस. ‘शुद्ध तुपाची मिठाई’ यातल्या ‘शु’ची वेलांटीसारखी वळलेली शेपटी तुझ्याशिवाय कोण काढणार?

आणि मग ती तडजोड आली, आणि आपला वाद.

सरकारी वकील भला माणूस होता. त्यानं सुचवलं: पुन्हा कबूल म्हणा. पहिलाच गुन्हा, चांगली वागणूक. साहेब समज देऊन सोडतील. अशा सुटकेचा नोकरीला अडथळा होत नाही, कायद्यातच तसं आहे. वकीलसाहेबांनीही मान डोलावली. मी तर त्याच संध्याकाळी तुझ्या घरी आलो. सुमनवहिनी चुलीपाशी होत्या. मी सगळं समजावलं. नोकरी परत मिळेल. शिडीवर चढून पाट्या रंगवणं थांबेल.

‘नाई,’ तू म्हणालास.

‘अरे, एक शब्द आहे.’

‘तेव्हाबी एकच होता.’

‘तेव्हा तुले माहीत नव्हतं. आता माहीत आहे. नाटकातला संवाद समजून म्हण आन सोड.’

‘तू शिकवजो पोराइले असं. मास्तर आहेस ना? सांगजो, खोटं बोला, फक्त माहीत असून बोला.’

मला राग आला. मी म्हटलं, ‘तू निर्दोष आहेस हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. कोर्टानं म्हटलंच पाहिजे असा हट्ट कशाला? कोर्ट कोण लागून गेलं? आयुष्यभर तूच साहेबलोकांची टिंगल केली, आन आता त्यांच्याच तोंडून ऐकायचं तुले?’

तू म्हणालास, ‘सगळ्याइले माहीत आहे, पन कोनी म्हनत नाई. एकानं तरी उभं राहून म्हना ना, का हा मानूस पेला नव्हता. मले बास आहे. जज म्हनो का शिपाई म्हनो.’

मी म्हटलं, त्यानं काय फरक पडणार आहे? तू उठून ब्रश धुवायला गेलास. सुमनवहिनी एवढंच म्हणाल्या, ‘भाऊजी, चहा थंडा होऊन राह्यला.’

मनोहर, मी अजूनही म्हणतो, माझं म्हणणं चूक नव्हतं. व्यवहारात मी बरोबर होतो. तू तडजोड केली असतीस तर शेवटचे महिने तरी सावलीत, खुर्चीवर गेले असते. तुझ्या तत्त्वांबद्दल आता लोक चांगलं बोलतील. मी बोलणार नाही. तत्त्वांची किंमत वहिनींनी फेडली आणि त्या कोणत्याही सत्काराला बसलेल्या नाहीत. मला तुझ्या हट्टाचा कंटाळा आला होता, आणि तो हट्ट नसता तर मला तू इतका आवडला नसतास. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता येत नाही. घालायचा प्रयत्नही सोडला आहे.

परवा तेरवी झाली.

तुला काविळीनं नेलं, आणि कावीळ म्हटलं की आपल्या लोकांच्या डोक्यात एकच गोष्ट येते. मांडवात पंगतीची तयारी चालू असताना मी ऐकत होतो. तुझा तो आर्वीकडचा चुलतमामा, पानाची पिंक टाकत: ‘लिव्हर गेलं म्हनतेत.’ शेजारचा: ‘लिव्हर उगीच जाते काय? केस होतीच ना त्याच्यावर.’ ‘मास्तरच होता ना बे?’ ‘मास्तर पेत नाई काय?’ आवाज हळू होते, पण कापडी मांडवाला भिंती नसतात. सुमनवहिनी पलीकडे पत्रावळी मोजत होत्या. त्यांनी ऐकलं. त्यांचं मोजणं चुकलं आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

आणि तेवढ्यात दादाराव हवालदार सायकल टेकवून आत आला. कोर्टाला अहवाल हवा होता की आरोपी खरंच मेला. केस त्याच्या ठाण्याची, म्हणून सिंदीहून पॅसेंजरनं आणि स्टेशनापासून कुणाची तरी सायकल घेऊन तोच आला. पोट सुटलेलं, मिशी पांढरी, निवृत्तीला आलेला. त्यानं चपला बाहेर काढल्या, तुझ्या फोटोला हात जोडले आणि माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, ‘गुरुजी, पंचनामा करा लागते. दोन सह्या पाह्यजेत. बाईंचं बयान. पाच मिनटाचं काम.’

वहिनी आल्या. पदर खोचलेला, हाताला पीठ. त्यांनी त्याला ओळखलं.

‘तुमीच होते ना त्या दिवशी? पोळ्याले?’

‘होय बाई.’

‘मंग सांगा. ते पेले होते काय?’

दादारावानं माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही.

‘नाई बाई,’ तो खालच्या आवाजात म्हणाला. ‘मास्तर पेतच नव्हते. तो रंगाचा वास होता. आमाले माहीत होतं.’

‘मंग नेलं काऊन?’

‘वरून सांगेल होतं, गाडी भरून आना. अन् सगळेच कबूल म्हनत होते बाई. मले वाटलं, दुपारलोक घरी जातीन.’

‘असं हळू नका सांगू,’ वहिनी म्हणाल्या. ‘त्याइले सांगा.’ आणि त्यांनी पिठाच्या हातानं मांडवाकडे बोट केलं.

मला वाटलं तो सायकलवर बसून निघून जाईल. मी त्याच्या जागी असतो तर गेलो असतो. तो गेला नाही. त्यानं टोपी काढून काखेत धरली, पंगतीसमोर उभा राहिला आणि साक्ष देतात तसं सरळ पाहत म्हणाला, ‘मी दादाराव, हवालदार. मास्तरले मीच पकडलं होतं. मास्तर पेले नव्हते. कधीच पेत नव्हते. चूक आमची होती.’

तुझ्या चुलतमामानं पत्रावळीवरचं मीठ उगाच बोटानं सारखं केलं. मग मागून कोणीतरी म्हणालं, ‘वाढा ना बाप्पा, भात निवून राह्यला,’ आणि सगळ्यांना हलायला निमित्त मिळालं.

पंचनामा मीच लिहिला. दादारावाचं अक्षर वाईट आणि माझे हात रिकामे. सदर इसम मयत असल्याची खात्री झाली. लिहून झाल्यावर मी विचारलं, ‘आत्ता बोललास तेही लिहू?’

तो ओशाळला. ‘ते याच्यात नाई लिवता येत, गुरुजी. कोर्टानं फक्त मेले का नाई ते इचारलं.’

मी सही केली. वहिनींनी त्याला जेवून जा म्हटलं. मी म्हटलं नसतं. तो खाली मान घालून जेवला आणि त्यांनी त्याला स्वतः वाढलं, दोनदा.

त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं, मनोहर. सबंध आजारपणात, त्याआधीच्या सगळ्या तारखांत मी तो तसा पाहिला नव्हता. आनंद म्हणणार नाही. शब्द जपून वापरायची माझी सवय तुला माहीत आहे. बराच वेळ डोक्यावरून वाहिलेला भारा कोणी हात लावून उतरवून द्यावा, आणि मान अजून तशीच ताठ राहावी, तसं काहीतरी.

आता पुढच्या तारखेला खटला बंद होईल. कागदावर तू ना दोषी, ना निर्दोष, नुसता मयत. वकीलसाहेब म्हणतात, शिक्षा रद्द झालेलीच होती, त्यामुळे कायद्यानं तुझ्यावर काही डाग नाही. मी त्यांना सांगितलं, हे त्याला सांगितलं असतंत तर त्यानं तुम्हाला पुन्हा पायरीवरचा तोच प्रश्न विचारला असता, ‘म्हणजे मी निर्दोष?’

त्यानं काय फरक पडणार आहे, असं मी तुला त्या संध्याकाळी विचारलं होतं. तुझं उत्तर राहिलं होतं. बाकी सगळं मी अजून लढवीन. तू फुकट झिजलास असं शेवटपर्यंत म्हणेन. एवढ्या एका मुद्द्यावर मात्र मी हरलो, आणि ते ऐकायला तू नाहीस.